दोन टनांचा लसूण प्रेस

"अख्खी मिल चालवली मी, ठेचा काय चीज आहे!" असं केवलरामभाऊ फोनवर बोलून गेले. फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की घरात लसूण नाही, सोललेला तर नाहीच नाही, आणि सोलणारीही नाही.

तसं पाहिलं तर मिल चालवणारे दुसरेच होते. केवलरामभाऊ भिलाई स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये मेंटेनन्सचे फिटर. मिल बंद पडली की चालू करून द्यायची, एवढं त्यांचं काम. पण रिटायर झालेल्या माणसाचं काम दरवर्षी थोडं थोडं वाढत जातं. आणखी चार वर्षांनी त्यांनी अख्खा प्लांट उभा केला असता.

फोन पुण्याहून होता, लेकीचा, उत्कर्षाचा. बायकोला, गयाबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तेव्हापासून लेक रोज संध्याकाळी एकच प्रश्न विचारायची.

"आज काय जेवले बाबा?"

"खिचडी."

"अन् काल?"

"खिचडी."

"अन् परवा?"

"परवा जराशी पातळ होती."

त्या दिवशी मात्र उत्कर्षाचा धीर सुटला. "बस झालं बाबा! रविवारी मी येऊन राहिली. तुमाले घेऊनच जाईन पुण्याले."

"मी नाही येत. तुमच्या तिकडं दहाव्या माळ्यावर माणूस काय करीन? कबुतरं मोजीन?"

"मग इथं एकटे काय करता? खिचडी?"

तेव्हा केवलरामभाऊ ते मिलचं वाक्य बोलले. आणि वर म्हणाले, "तुझ्या आईसारखा लसणाचा ठेचा करून ठेवतो. खाऊन तं पाय!"

मग लेक म्हणाली, "ठीक आहे. मी आली की आईसारखा ठेचा ताटात पायजे. तुमच्या हातचा. केला, तं पुण्याचं नाव काढणार नाही. नाही केला, तं माझ्यासंग मुकाट गाडीत बसायचं. मंजूर?"

"मंजूर!"

आता मंजूर म्हणायला काय लागतं? पण रिसालीतलं हे घर सोडायचं म्हणजे सगळंच सोडायचं होतं. मागच्या अंगणातला गयाबाईंनी लावलेला कढीपत्ता, संध्याकाळी नाल्याच्या पुलियावर बसायची मंडळी, आणि समोरच्या खोलीतला गयाबाईंचा फोटो, ज्याला सकाळचा चहा दाखवल्याशिवाय केवलरामभाऊ स्वतः घोट घेत नसत. फोटो पुण्याला नेता आला असता. पण गयाबाईंना लिफ्टची भीती वाटायची.

आणि ठेचा म्हणजे काय साधा? केवलरामभाऊंच्या डब्यात तो असला की शिफ्टमधले तेलुगू, बंगाली, बिहारी सगळे पोळी हातात घेऊन रांगेत उभे राहायचे. लाल मिरची, मीठ, आणि मूठ मूठ लसूण! गयाबाई मागच्या दाराशी पाटा-वरवंटा घेऊन बसायच्या आणि वाटता वाटता सगळ्या मोहल्ल्याच्या खबरी सांगायच्या. पाटा अजून तिथंच होता, पोत्याखाली झाकलेला. केवलरामभाऊंनी वर्षभर त्याला हात लावला नव्हता. कोणी विचारलं तर म्हणायचे, "गुडघे दुखतात बाप्पा, खाली बसवत नाही." गुडघे अजिबात दुखत नव्हते. ते पोतं उचलवत नव्हतं.

म्हणून मग त्यांनी ठरवलं, ठेचा यंत्रानं करायचा. लसूण प्रेस आणायचा!

दुसऱ्या दिवशी ते सुपेल्याच्या बाजारात गेले. सोबत शेजारचे भय्याजी होते. भय्याजी क्रेन चालवून रिटायर झालेले. जगातल्या कोणत्याही वस्तूबद्दल त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. लग्नात नवरी पाहिली तरी मनातल्या मनात तोच विचारत असतील.

भांड्यांच्या दुकानदारानं प्रेस काढून समोर ठेवला. "ये देखिए काका, लसुन प्रेस. छीलने का झंझट ही नहीं. कली डालो, दबाओ, हो गया!"

"कितने टन का है?" भय्याजींनी विचारलं.

"जी?"

"तू थांब भय्याजी." केवलरामभाऊंनी चष्मा नाकावर सरकवला. प्रेस उजेडात धरला. भोकं पाहिली. कानाजवळ नेऊन हलवला. डॉक्टर पेशंटला तपासतो तसं दोन्हीकडून दाबून पाहिलं. "इसका पिन ढीला है."

"काका, लसुन दबाना है, पटरी नहीं बनाना है."

"और ये ढलाई का माल है. टूटेगा."

"नहीं टूटेगा! गारंटी है."

"गारंटी?" म्हणत केवलरामभाऊंनी मूठ आवळली. चाळीस वर्षं पाने फिरवलेली मूठ ती. कट्ट!

"टूटा," भय्याजींनी रिपोर्ट दिला.

"अरे काका, बिना लसुन के काहे दबा दिए!" दुकानदारानं कपाळावर हात मारला. मग आतून दुसरा काढला. लांब मुठीचा, चकचकीत. "ये लीजिए. पूरा स्टील. जिंदगी भर चलेगा."

"कौन सा स्टील?"

"काका," दुकानदार हात जोडून म्हणाला, "आप भिलाई में खड़े होकर मेरे से पूछ रहे हो कौन सा स्टील?"

तुटलेला आणि न तुटलेला, असे दोन्ही प्रेस आणि पिशवीभर लसूण घेऊन मंडळी घरी आली.

घरी आल्या आल्या चाचणी. केवलरामभाऊंनी एक पाकळी सालासकट आत घातली आणि दाबली. भोकांतून चार बारीक शेवया डोकावल्या. चाकूनं खरवडून वाटीत घेतल्या. वाटीत त्या कुठं पडल्या ते शोधायला चष्मा पुसावा लागला. आत अडकलेलं साल काढायला सुई लागली. मग दुसरी पाकळी.

भय्याजी बराच वेळ पाहत बसले. "केवलराम, लेक ह्या रविवारी येऊन राहिली ना?"

"हाव."

"ह्या हिशोबानं ठेचा तिच्या नातवाच्या बारशाले होईन."

केवलरामभाऊंना राग आला. त्यांनी अख्खा गड्डाच प्रेसमध्ये कोंबला. दोन्ही हातांनी दाबला. मग ओट्यावर ठेवून वरून दाबला. मग जमिनीवर ठेवून त्याच्यावर उभे राहिले. खाली उतरून पाहतात तर लसूण जसाच्या तसा आणि प्रेसची मूठ केळ्यासारखी वाकलेली!

दुसऱ्या कोणी अशा वेळी शेजारणीला हाक मारली असती. पण प्लांटमध्ये जन्म काढलेल्या माणसाला काम अडलं की एकच रोग दिसतो.

"कॅपॅसिटी कमी पडते," केवलरामभाऊ म्हणाले.

भय्याजींचे डोळे चमकले. "किती टनाचा पायजे?"

कुम्हारीला रामाजीचं शेड होतं. रामाजी म्हणजे दोघांचा जुना सोबती, वेल्डर. रिटायर झाल्यावर हायवेच्या कडेला गेट आणि खिडक्या बनवायचा. त्याची वेल्डिंग कधी सुटत नाही अशी ख्याती होती. लसणाचं ऐकून तो आधी हसला. मग गंभीर झाला. मग त्यानं खडू घेतला आणि फरशीवर ड्रॉइंग काढलं. जुन्या जीपचा दोन टनांचा जॅक खाली. त्याच्यावर दट्ट्या. दट्ट्याच्या वर जाड पाइपचा डबा. डब्याच्या तोंडावर भोकांची जाळी, बोल्टांनी कसलेली. जॅक वर चढला की दट्ट्या लसणाला दाबणार आणि ठेचा जाळीतून बाहेर!

"शेवेच्या सोऱ्यासारखं," केवलरामभाऊ खूश होऊन म्हणाले.

"पण सोऱ्यातून शेव खाली पडते ना बे," भय्याजी म्हणाले. "हे तं वरून निघीन."

"जॅक उलटा चालते का?" रामाजी चिडला. "तुमी क्रेनवाले! वरून निघाला तं वरून उचलून घ्यायचा. ठेच्याले काय, वर अन् खाली!"

तिघांच्या मिळून शंभर वर्षांच्या नोकरीत एवढा गोड तोडगा निघाला नव्हता. केवलरामभाऊ तर शेडमध्ये शिटी मारायला लागले. गयाबाई गेल्यापासून त्यांची शिटी कोणी ऐकली नव्हती. भय्याजींनी ती ऐकली. ते रामाजीला म्हणाले, "चांगलं जाड लोखंड लाव."

रविवारी सकाळी यंत्र घरी आलं. ओट्यावर ठेवून पाहिलं तर ओटा कण्हला. म्हणून समोरच्या खोलीत, मधोमध, बरोबर पंख्याखाली मांडलं. पंखा पाचवर, कारण उकाडा होता. केवलरामभाऊंनी वरण, भात, आलू-वांग्याची भाजी करून ठेवली होती. तेवढं त्यांना जमलं होतं. भाजी खाली लागली होती, पण वरची वर काढली की कळत नव्हतं. आता फक्त ठेचा. लेकीची गाडी दुपारी दुर्गला लागणार होती, आणि ती गाडी कधी वेळेवर येत नाही, हा केवलरामभाऊंचा भरवसा होता.

मशीन नवीन, तेव्हा पूजा आलीच. विश्वकर्मा जयंतीला प्लांटच्या शॉपमध्ये करायचे तशी. रामाजीनं जॅकला कुंकू लावलं, भय्याजींनी नारळ फोडला. मग पहिले सेफ्टी! कपाटावरून जुनी हेल्मेटं निघाली. तिघांनी घातली.

"लसूण सोलू का?" भय्याजींनी विचारलं.

"सोलायचा झंझटच नाही," केवलरामभाऊ दुकानदाराच्या थाटात म्हणाले आणि अख्खे गड्डे, सालं आणि देठांसकट, डब्यात भरले. वरून दाबून आणखी भरले. जाळी बसवली. बोल्ट आवळले.

"चालू!"

भय्याजी दांडा मारायला लागले. कुर्रर्र, कुर्रर्र. दट्ट्या चढला. जाळीतून पाण्याचा एक थेंब आला. तिघांनी टाळ्या वाजवल्या.

आणखी दांडे मारले. थेंब थांबला.

"काऊन थांबला बे?"

"प्रेशर येऊन राहिलं. प्रेशर आलं म्हणजे काम होऊन राहिलं. मार!"

खरी गोष्ट अशी होती, की सालांनी एकूण एक भोक बंद केलं होतं. घराचं दार बाहेरून बंद करून आतल्या पाहुण्यांना ढकलत राहावं, तसं भय्याजी ढकलत होते. दांडा जड झाला. रामाजीही लागला. म्हैस झोपेत उसासा टाकते, तसा डब्यातून आवाज आला.

"थांबू का?" भय्याजींनी घाम पुसला.

केवलरामभाऊंनी फोटोकडे पाहिलं. गयाबाई नेहमीसारख्या बघत होत्या, म्हणजे बिलकुल भरवसा नसल्यासारख्या. "एक डाव अजून मार!"

भय्याजींनी मारला.

ठो!

रामाजीची वेल्डिंग सुटली नाही, हे इथं सांगितलंच पाहिजे. सुटला तो लसूण. जाळी एका बाजूनं उचकली आणि दोन टनांच्या जोरानं सगळा माल सरळ वर गेला. वर पंखा होता. पाचवर! पंख्यानं क्षणात सगळ्यांना सारखं वाटप केलं. भिंती, पडदे, सोफा, घड्याळ, देव, कॅलेंडर, कोणी म्हणून सुटलं नाही. तिघांच्या हेल्मेटांवर गारा पडल्यासारखा आवाज झाला. भय्याजींचं तोंड "मार!" ऐकताना उघडं होतं. ते उघडंच होतं आणि आता भरलेलं होतं.

शेजारच्या नलूबाईंनी आवाज ऐकला. त्या अंगणात आल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती पार टाउनशिपच्या सेक्टरापर्यंत गेली असेल. "सिलेंडर फुटला हो! केवलरामभाऊचा सिलेंडर फुटला!"

मग काय! गल्ली धावली. कोणी बादल्या आणल्या, कोणी वाळू, कोणी ओली चादर. कोणीतरी शहाण्यानं खिडकीतून अख्खी बादली आत फेकली. ती भय्याजींना लागली. तेवढंच त्यांचं तोंड धुऊन निघालं.

"आग कहाँ है? आग कहाँ है?"

"आग नहीं है, लसुन है!"

"क्या बोल रहे हैं?"

"सदमा लगा है, सदमा! पानी पिलाओ!"

आणि नेमकी त्याच दिवशी गाडी वेळेवर आली होती.

ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. उत्कर्षानं बाहेर पाहिलं. बाबांच्या दारात गर्दी. बायका पदर तोंडाला लावून उभ्या. माणसं आत-बाहेर करताहेत. अशी गर्दी तिनं त्या दारात एकदाच पाहिली होती, आई गेली त्या दिवशी. तेव्हाही ती ऑटोतूनच उतरली होती. बॅग तिच्या हातातून सुटली. ती पळत सुटली. गर्दीतून वाट काढता काढता तिच्या तोंडातून एवढंच निघत होतं, "बाबा... बाबा..."

आणि दारात बाबा उभे! डोक्यावर पिवळं हेल्मेट, भुवयांवर लसूण, मिशीत लसणाची सालं, हातात वाकलेली जाळी.

"आली का तू?" केवलरामभाऊ म्हणाले. "अन् गाडी लेट नाही का आज?"

उत्कर्षानं त्यांचे दोन्ही दंड धरले. वरून खालून पाहिलं. हात, पाय, डोळे, सगळं जागेवर होतं. मग तिनं एक मोठा हुंदका दिला आणि त्या हुंदक्यातच ती हसायला लागली. हसता हसता खालीच बसली. गल्लीलाही मग परवानगी मिळाल्यासारखं झालं. नलूबाई तर बादलीवर बसून हसल्या.

"सिलेंडर काऊन म्हणता हो नलूबाई," रामाजी एकटाच रागावला होता. "दोन टनाचं मशीन आहे. वेल्डिंग पाहा, वेल्डिंग!"

गर्दी पांगली. भय्याजी आंघोळीला गेले, रामाजी जॅक पुसायला लागला. उत्कर्षा खोलीत आली आणि थांबली. तिनं श्वास आत ओढला.

"बाबा, आईचा वास येऊन राहिला घराले."

केवलरामभाऊंनीही श्वास घेतला. खरंच की! वर्षभर ह्या घराला औषधाचा, उदबत्तीचा आणि खिचडीचा वास होता. आज दारात पाय टाकल्याबरोबर लसूण! त्यांनी फोटोकडे पाहिलं. गयाबाईंच्या बरोबर नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका बसला होता. त्यांनी धोतराच्या टोकानं तो हळूच पुसला. "सॉरी," म्हणाले. फोटोतली बाई हसल्यासारखी दिसली, पण काच ओली होती, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही.

"अन् ठेचा?" लेकीनं विचारलं. "तो कुठं आहे?"

केवलरामभाऊंनी वर बोट दाखवलं.

"बाबा, छताले ताट लावू का? कबूल काय झालं होतं? ताटात पायजे. तुमच्या हातचा."

केवलरामभाऊ मागच्या दाराशी गेले. पोत्यापाशी जरा वेळ उभे राहिले. मग त्यांनी पोतं उचललं. खाली पाटा होता, वर वरवंटा, जसा शेवटचा ठेवला होता तसाच. कडेच्या खाचेत लाल मिरचीचा रंग अजून होता. ते खाली बसले. गुडघे मुळीच कुरकुरले नाहीत.

"लसूण आहे का उरलेला?" त्यांनी विचारलं.

रामाजीनं डब्याच्या तळातून एक गड्डा काढून दिला. दोन टन खाऊनही तो साबूत होता. उत्कर्षा बापाच्या शेजारी बसली आणि सोलायला लागली. केवलरामभाऊ वाटायला लागले. पहिल्यांदा पाकळी पळाली. दुसऱ्यांदा बोट सापडलं.

"हळू बाबा. आई कशी करे? पहिले मीठ टाकायची, म्हणजे पळत नाही."

"मले माहीत आहे," केवलरामभाऊ म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. पण वाटता वाटता त्यांची जीभ सैल झाली, आणि नलूबाईंच्या जावयापासून पुलियावरच्या भांडणापर्यंत सगळ्या मोहल्ल्याच्या खबरी त्यांनी लेकीला सांगून टाकल्या.

ठेचा झाला. जाडाभरडा होता, आणि मीठ दोनदा पडलं होतं. उत्कर्षानं नलूबाईंनी पाठवलेल्या भाकरीच्या तुकड्यावर घेतला. केवलरामभाऊंचा हात ताटातच थांबला. भय्याजी आणि रामाजीही जेवायचे थांबले.

"आईसारखा नाही," ती म्हणाली.

केवलरामभाऊंनी मान खाली घातली. "मग... बॅग भरू का?"

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. मिरचीचं असेल, तिखट झाला होता. तिनं पुन्हा ठेचा वाढून घेतला, उठली आणि नवऱ्याला, सुशीलला, फोन लावला. ओसरीतल्या टेबलाशी जेवणाऱ्या तिघांना सगळं ऐकू येत होतं.

"हो, पोचले... नाही, बाबा येत नाहीत... अरे ऐक तर! त्यांनी घरात जीपचा जॅक लावून लसूण दाबला. छतावर गेला सगळा! सुशील, आपल्या वर ते जजसाहेब राहतात, खाली डॉक्टरीणबाई. इथं निदान डोक्यावर कोणी राहत नाही. बाबा तिथं आले तर सोसायटी आपल्यालाच बाहेर काढेल!"

भय्याजींनी टेबलाखाली केवलरामभाऊंच्या पायावर पाय दिला. "जिंकला बे केवलराम!"

"हाव," केवलरामभाऊ म्हणाले. आपण ठेच्यानं जिंकलो, की धोक्याचा माणूस म्हणून सुटलो, हे त्यांनी विचारलं नाही. भाकरी पुढं ओढली आणि जेवले. त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला.

लेक पुण्याला गेल्यावर ते पुन्हा सुपेल्याच्या त्याच दुकानात गेले. दुकानदारानं त्यांना लांबूनच ओळखलं आणि लसूण प्रेसचा डबा गुपचूप काउंटरखाली ढकलला.

"क्या दूँ काका?" त्यानं भीत भीत विचारलं.

केवलरामभाऊंनी खाकरून घसा साफ केला. आजूबाजूला कोणी ओळखीचं नाही ना, ते पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले,

"पंखा साफ करने का ब्रश है क्या? लंबे दांडे वाला?"